अकरावा रकाना

होडीचा विमा काढावा की काढू नये, या एका प्रश्नावर बारक्याने पाच आठवडे घालवले. त्याच्या बायकोच्या मते एवढा विचार त्याने लग्नाच्या वेळीही केला नव्हता. लग्नाला होकार द्यायला त्याला एक संध्याकाळ पुरली होती, तीसुद्धा चहा संपेपर्यंत.

बारक्या हे त्याचं घरातलं नाव. वय त्रेसष्ट, डोक्यावर केस औषधापुरते, नोंदणी कचेरीत पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेला. पण मोठ्या भावाने लहानपणी एकदा बारक्या म्हटलं, की माणूस आजोबा झाला तरी बारक्याच राहतो. कचेरीत त्याचं काम होतं लोकांनी भरून आणलेले अर्ज तपासायचं. रकाना रिकामा असला, अर्ज परत. पुरावा जोडला नसला, अर्ज परत. लोक पाठीमागे त्याच्या खिडकीला ‘परतीची खिडकी’ म्हणायचे. हे त्याला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं. नव्या कारकुनांना तो पहिल्याच दिवशी आपला नियम सांगायचा: विचारलं तेवढंच लिहायचं, आणि ज्याचा पुरावा जोडता येत नाही ते लिहायचंच नाही. या नियमावर त्याची सगळी नोकरी बिनबोभाट पार पडली. निवृत्त झाल्यावर माणसाने असे नियम कचेरीतच ठेवून यावेत, पण हा घरी घेऊन आला.

होडी दादाने बांधली होती. दादा म्हणजे थोरला भाऊ, बारक्याहून दहा वर्षांनी मोठा, धंद्याने सुतार. तळ्यावर सगळे त्याला मिस्त्री म्हणत. लोकांची कपाटं, दारं, खाटा करण्यात त्याचा जन्म गेला, आणि साठी उलटल्यावर एके दिवशी तो म्हणाला, आता एक वस्तू स्वतःसाठी करतो. तीन वर्षं दर रविवारी दोघे भाऊ दादाच्या कारखान्यात राबले. राबला दादा, बारक्याने फळीचं दुसरं टोक धरलं, पॉलिशपेपर घासला आणि नको तिथे सल्ले दिले. लाकडाचा खर्च बारक्याने केला, म्हणून कागदोपत्री होडी त्याच्या नावावर. चार माणसं बसतील एवढी, एक शीड, दोन वल्ही. रविवारी सकाळी दोघे ती तळ्याच्या धक्क्यावरून सोडत, समोरच्या काठापर्यंत जात, थर्मासमधला चहा पीत आणि परत येत. सुकाणू दादाकडे, शिडाची दोरी बारक्याकडे.

बारक्याला होडी कधी आलीच नाही. दहा वर्षं तो वाऱ्याच्या उलट बाजूला बसत आला. “अरे ओढ म्हटलं तर ओढ, सोड म्हटलं तर सोड, मधे तुझं डोकं घालू नकोस,” असं दादा ओरडायचा. आठवडाभर गप्प असणारा हा माणूस पाण्यावर गेला की तोंडाचा पट्टा सोडायचा. बारक्याला त्या शिव्यांचं काही वाटत नसे. उलट त्या ऐकल्या की रविवार झाल्यासारखा वाटे.

विम्याचा किडा त्याच्या डोक्यात शिरला तो दातांच्या डॉक्टरांमुळे. डॉक्टरांची पांढरी मोटरबोट त्याच धक्क्याला शेजारी बांधलेली असे. एका सकाळी ती बांधल्या जागी बुडालेली सापडली; खालची कुठली तरी नळी निसटली होती. डॉक्टरांनी विमा काढलेला होता. दोन महिन्यांत नवी बोट आली, पहिलीपेक्षा मोठी, गाद्यांसकट. ती बघून बारक्याची झोप उडाली. त्याला हेवा वाटला असं नाही. आपली होडी गेली तर दादा काही दुसरी बांधू शकणार नाही, ही गोष्ट त्याच्या पहिल्यांदाच लक्षात आली.

कारण दादाचा उजवा हात थरथरायला लागला होता. वर्षभर झालं असेल. चहाचा कप तो अर्धाच भरून मागायचा, सही करायची वेळ आली की चष्मा विसरलो म्हणायचा. कारखाना त्याने बंद केला, कारण सांगितलं की लाकूड हल्ली चांगलं मिळत नाही. घरात सगळ्यांना दिसत होतं आणि कोणी काही बोलत नव्हतं. नवल एवढंच, की सुकाणूवर ठेवला की तो हात शांत व्हायचा. निदान बारक्याला तसं वाटायचं.

एका रविवारी पाण्याच्या मध्यावर त्याने विषय काढला.

“दादा, मी म्हणतो, विमा काढावा.”

“कोणाचा? माझा?”

“होडीचा.”

दादा हसला. “ही बुडायची नाही. आणि बुडलीच, तर कोणी बांधली ते सांगू नकोस.”

“वाऱ्याचं काय सांगता येतं?”

“वाऱ्याचं सगळं सांगता येतं. तुला ऐकू येत नाही, त्याला तो काय करणार?” मग दादाने जरा वेळ शिडाकडे बघितलं. “तुला त्याने झोप लागणार असेल तर काढ बाबा. कागद तुझा प्रांत, लाकूड माझा.”

एवढा मोकळा होकार मिळाल्यावर दुसऱ्या कोणी दुसऱ्या दिवशी विमा काढला असता. बारक्याने तीन कंपन्यांची माहितीपत्रकं आणली, बारीक अक्षरं भिंग लावून वाचली, समासात खुणा केल्या. बायको म्हणाली, “एवढ्या वेळात तुम्ही पोहायला शिकला असता.” शेवटी एजंटबाई घरी आल्या. तरुण होत्या, हसऱ्या होत्या, आणि आपल्यासमोर कोण बसलंय याची त्यांना कल्पना नव्हती. चार पानी फॉर्म त्याने हातात घेतला आणि कौतुकाने उलटसुलट बघितला. फॉर्म चांगला बनवलेला होता. दहा रकाने त्याने भराभर भरले.

अकराव्या रकान्यात विचारलं होतं: होडी चालवणाऱ्या सर्व व्यक्तींची नावं. खाली बारीक अक्षरांत होतं, की त्यातली कोणी सत्तरीच्या पुढची असेल तर नजर आणि हात स्थिर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडावा.

बारक्याचं पेन थांबलं. असा दाखला कोण देणार? आणि त्यासाठी दादाला डॉक्टरकडे चल म्हणायचं, तर आधी म्हणावं लागणार, की दादा, तुझा हात थरथरतो. ज्या माणसाने त्याला सायकल शिकवली, वडील गेल्यावर त्याच्या शाळेची फी भरली, त्याला हे तोंडावर कसं सांगायचं?

“उद्या या,” तो एजंटबाईंना म्हणाला.

रात्रीची जेवणं झाल्यावर बायकोने भांडी आवरता आवरता सांगितलं, “सरळ विचारा की त्यांना. दादा काय खायला उठणार आहेत?”

“त्याला वाईट वाटेल.”

“वाटेल थोडं. न सांगता काही केलंत तर जास्त वाटेल.”

बायकोचं त्याने ऐकायला हवं होतं. पण त्याने आपल्या नियमाचं ऐकलं. पुरावा जोडता येत नाही, म्हणजे लिहायचं नाही. यात खोटं काही नाही, फक्त एक नाव कमी. शिवाय दादाला दुखवलंही नाही. एका दगडात दोन पक्षी मारल्याच्या समाधानात त्याने दुसऱ्या दिवशी अकराव्या रकान्यात एकच नाव लिहिलं, स्वतःचं. ज्याला होडी येत होती तो कागदावर नव्हता, आणि ज्याला येत नव्हती तो एकटाच होता.

“तुम्ही एकटेच चालवता?” एजंटबाईंनी विचारलं.

“हो.”

“नंतर कोणाचं नाव घालायचं असेल तर कधीही घालता येतं. यादीबाहेरच्या कोणी चालवली आणि काही झालं, तर मात्र भरपाई मिळत नाही, तेवढं लक्षात ठेवा.”

ते त्याच्या चांगलं लक्षात राहिलं. तळ्यावर कोण बघायला येतंय, असं त्याने मनाला समजावलं, पण मन काही समजेना. पहिल्या रविवारी दादा सुकाणूवर बसला आणि बारक्याचे डोळे सारखे त्याच्या हाताकडे जायला लागले. डोळे भावाचे नव्हते, खिडकीतल्या माणसाचे होते. पैसे भरून एक भीती घालवली आणि दुसरी घरात आणली, असा तो व्यवहार झाला. दाखल्याचं बघू, नाव नंतर घालू, असं तो रोज स्वतःला सांगायचा, आणि लोकांची कामं पस्तीस वर्षं वेळेत करून देणारा हा माणूस स्वतःचं एवढंसं काम पुढे ढकलत राहिला.

पॉलिसीची एक प्रत होडीतच ठेवावी अशी कंपनीची अट होती. आता कोण एवढं पाळतो? बारक्याने पाळलं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून प्रत त्याने बसायच्या फळीखालच्या कप्प्यात ठेवली. त्याच कप्प्यात दादाचा स्क्रूड्रायव्हर, मेण आणि पाणी उपसायचा डबा असायचा. दादाला हाताशी आलेला कुठलाही कागद वाचायची सवय होती. किराणा बांधून आलेल्या वर्तमानपत्राचा तुकडासुद्धा तो सरळ करून वाचायचा. हे बारक्याला जन्मापासून माहीत होतं. तरी त्याने तो कागद तिथे ठेवला. असं का केलंस, म्हणून त्याला कोणी विचारलं तर आजही त्याच्याकडे एकच उत्तर आहे: अट होती.

तिसऱ्या का चौथ्या रविवारी दादा होडीत चढला आणि पुढे जाऊन बसला, अगदी डोलकाठीपाशी.

“आज तू घे सुकाणू,” तो म्हणाला.

“का? बरं नाही का?”

“बरा आहे. सारखं मीच काय. तूही शीक.”

बारक्याला सुटल्यासारखं वाटलं. हात फारच त्रास देत असेल, बरं झालं आपणहून म्हणाला, आता कागदाप्रमाणे सगळं ठीक झालं. त्या दिवशीचं ते सुटल्यासारखं वाटणं आठवलं की त्याला अजून स्वतःची लाज वाटते. होडी त्याने वाकडीतिकडी नेली, दोनदा वारा हुकवला, एकदा शीड थेट दादाच्या डोक्यावरून गेलं. दादा एक शब्द बोलला नाही. एकही शिवी नाही. समोरच्या पाण्याकडे बघत बसला, आणि उतरताना “बरी नेलीस” म्हणाला. तिथेच बारक्याने ओळखायला हवं होतं, कारण होडीच्या बाबतीत दादा खोटं कधी बोलत नसे.

मग दादाचा गुडघा दुखायला लागला. मग हवा बरी वाटेना. रविवारचं जाणं महिन्यातून एकदा झालं. पण रोज दुपारी तो पायी धक्क्यावर जायचा, काठावरूनच होडीवर नजर फिरवायचा आणि तिथल्या वॉचमनपाशी घटकाभर बसून घरी यायचा. हे बारक्याला वॉचमनकडून कळलं. आपल्याशी न बोलता तो होडीला भेटून येतो, याचं त्याला वाईट वाटलं. विचारावं असं मनात आलं आणि विचारायचं राहून गेलं.

एका बुधवारी दुपारी बारक्या चष्म्याच्या दुकानात नवीन काच बसवायला गेला होता. फोन वॉचमनचा.

“लवकर या. वारा सुटलाय. तुमची होडी सुटतेय. मिस्त्रींनी धरून ठेवलीय.”

तो धावत निघाला. दुकानापासून तळं वीस मिनिटांवर, त्रेसष्टाव्या वर्षी धावत गेलं तर अठरा. पोचला तेव्हा होडी धक्क्यामागच्या दगडांवर आडवी पडली होती. एका बाजूच्या फळ्या उघड्या पडल्या होत्या आणि प्रत्येक लाटेबरोबर ती दगडावर आपटत होती. दादा धक्क्यावर पाय पसरून बसला होता. दोन्ही तळहातांची सालं निघाली होती. वॉचमन त्याच्या हातांवर बाटलीतलं पाणी ओतत होता.

“आलास?” दादा म्हणाला. “नाही राहिली रे.”

बाकीचं नंतर वॉचमनने सांगितलं, हळू आवाजात, दादाला डॉक्टरकडे बसवून आल्यावर. पुढची दोरी ज्या कडीला होती ती कडीच धक्क्याच्या कुजलेल्या फळीसकट उखडली. होडी फिरली आणि मागच्या एका दोरीवर लटकत राहिली. दादाने पाण्यातून सुटी दोरी ओढून घेतली, खांबाला एक वेढा दिला आणि धरून उभा राहिला.

“मी म्हटलं, मिस्त्री, उतरा आत. पलीकडच्या आडोशाला न्या. वल्ही आहेत, तुम्हाला काय अवघड? मागे एका वादळात तुम्ही दातांच्या डॉक्टरांची बोटसुद्धा तिकडे नेली होती.” वॉचमनने टोपी काढून पुन्हा घातली. “तर म्हणाले, मी चढणार नाही. कागदावर बारक्याचं नाव आहे, माझं नाही. मी चढलो आणि काही झालं तर त्याला दमडी मिळायची नाही. मी म्हटलं, इथे कोण बघतंय? तर म्हणाले, तू बघतोयस ना. उद्या तुला विचारलं तर तुला खोटं बोलावं लागेल.”

बारक्या खाली बसला.

“पाव तास धरली,” वॉचमन म्हणाला. “मीही लावला हात. मग माझ्या हातातला मागचा दोर तुटला, आणि मग काय. चढले असते तर वाचली असती, साहेब. माझं आपलं मत.”

वाचली असती की नाही, कोण जाणे. कदाचित होडीबरोबर दादाही दगडांवर गेला असता. बारक्याने यावर खूप डोकं चालवलं. कधी त्याला वाटे, त्या कागदानेच दादाचा जीव वाचवला, आणि एक-दोन दिवस त्याला तेवढा आधार पुरे. मग दादाचे पट्ट्या बांधलेले हात दिसत, आणि आपण स्वतःलाच फसवतोय हे त्याला कळे. दादा धोका बघून मागे हटला नव्हता. तो कागद वाचून मागे हटला होता. सगळा जन्म कागदाला कस्पटासमान मानणारा तो माणूस एकदाच कागदाप्रमाणे वागला, आणि तेही बारक्याचं नुकसान होऊ नये म्हणून.

आठवड्याने कंपनीचा सर्व्हेअर आला. चारी बाजूंनी फोटो काढले, कुजलेली फळी बघितली, आणि धक्क्यावरच वही उघडून विचारलं, “घटनेच्या वेळी होडीत कोण होतं?”

“कोणी नव्हतं,” वॉचमन म्हणाला. “मिस्त्री काठावर होते.”

“मग प्रश्न नाही. यादीबाहेरचं कोणी आत असतं तर अवघड झालं असतं.” सर्व्हेअर फॉर्म चाळून बारक्याला म्हणाला, “कागद अगदी नीट आहेत तुमचे. असे फार कमी बघायला मिळतात.”

पस्तीस वर्षांत त्याच्या कामाची एवढी स्पष्ट तारीफ कोणी केली नव्हती. बारक्याला तिथून उठून जावंसं वाटलं.

भरपाई पूर्ण मिळाली. पैसे आले त्या संध्याकाळी तो दादाकडे गेला. दादा खिडकीशी बसला होता. पट्ट्या निघाल्या होत्या, तळहात गुलाबी दिसत होते. उजवा हात मांडीवर थरथरत होता आणि आज त्याने तो लपवला नाही.

“पैसे आले,” बारक्या म्हणाला.

“चांगलं झालं. पुरे आले?”

“पुरे आले. दादा, आपण दुसरी घेऊ. तयार मिळते हल्ली. विमा नको, काही नको. तू चालव.”

दादाने मान हलवली. “नको रे आता.”

बारक्याने विचारलं, “तू कागद कधी वाचलास?”

“घातलास त्याच आठवड्यात.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू बोलला नाहीस, मी कसं बोलू?” दादाने हाताकडे बघितलं. “मला नुसतं विचारायचं होतंस, बारक्या. मीच म्हटलं असतं, माझं नाव नको घालूस. माझा हात मला दिसत नाही का?”

“तुला वाईट वाटेल म्हणून…”

“वाटलंच असतं. एक दिवस. फार तर दोन. मग शिडाची दोरी मी घेतली असती आणि सुकाणू तुझ्या हातात देऊन तुला शिव्या दिल्या असत्या.” त्याने तळहात एकमेकांवर घासले. “पहिला महिनाभर चिडलो होतो तुझ्यावर. मग वाटलं, बारक्याला मला एवढंसुद्धा सांगता येत नाही, म्हणजे आपण खरंच संपलो. आपल्यापासून लोक आता गोष्टी लपवायला लागले. तेव्हापासून त्या होडीत चढावंसं वाटलं नाही.”

बारक्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “चुकलं माझं, दादा.”

लहानपणापासून बारक्याने जे जे मोडलं, सांडलं, हरवलं, त्या प्रत्येक वेळी दादा ‘असू दे’ म्हणाला होता. वडिलांचं घड्याळ फुटलं तेव्हा, परीक्षेत नापास झाला तेव्हा, एवढंच काय, दादाच्या लग्नातला कोट त्याने इस्त्रीने जाळला तेव्हासुद्धा. आताही बारक्या त्याचीच वाट बघत खाली मान घालून बसला.

“हो,” दादा म्हणाला. “चुकलं.”

आणि तो खिडकीबाहेर बघायला लागला.